घाटात ट्रेलर वारंवार तापतो आणि क्लचप्लेट जळते : इंजिन बदलण्यापूर्वी काय तपासावे

कळंबोलीच्या पोलाद बाजारातून किंवा तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतून कॉइल (पोलादी पत्र्याच्या गुंडाळ्या) भरून चाकणकडे जाणाऱ्या ट्रेलरची एक तक्रार वर्षानुवर्षे त्याच शब्दांत कानावर येते. पळस्पे फाट्यापासून खोपोलीपर्यंत गाडी व्यवस्थित येते, घाट सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला तापमानाचा काटा वर चढू लागतो, चालक कडेला थांबून अर्धा तास घालवतो, आणि दर चार-पाच महिन्यांनी क्लचप्लेट बदलावी लागते. मालक आधी रेडिएटर साफ करून घेतो, मग थर्मोस्टॅट, मग वॉटर पंप, मग हेड गॅस्केट. प्रत्येक दुरुस्तीनंतर दोन-तीन फेऱ्या बऱ्या जातात, त्याही बहुधा माल हलका असतो म्हणून, आणि तक्रार परत येते. शेवटी निष्कर्ष निघतो की इंजिन लहान आहे, मोठ्या अश्वशक्तीचा हॉर्स (ट्रेलर ओढणारा पुढचा इंजिनाचा भाग) घ्यायला हवा. हा निष्कर्ष काही वेळा बरोबर असतो, पण माझ्या पाहण्यात आलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच ठिकाणी तो चुकीचा ठरला आहे. एकच बिघाड तीन वेळा दुरुस्त होऊनही परत येत असेल, तर दोष सुट्या भागात नसून वजन, गिअरची घट (इंजिनच्या फेऱ्या चाकापर्यंत किती पटीने कमी होतात ते) आणि वेग यांच्या जुळणीत असण्याची शक्यता अधिक असते, आणि ही जुळणी कागदावर तपासायला एक पैसाही लागत नाही.

पहिले काम वजनाचे. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने धुऱ्यांवरील वजनाची मर्यादा वाढवली. चार टायरच्या एकेरी धुऱ्यासाठी ती १०.२ टनांवरून ११.५ टन झाली, जोडधुऱ्यासाठी १९ वरून २१ आणि ट्रेलरखालच्या तिहेरी धुऱ्यासाठी २४ वरून २७. त्यामुळे दोन धुऱ्यांचा हॉर्स आणि तीन धुऱ्यांचा ट्रेलर ही आपल्याकडची सर्वाधिक चालणारी जोडी ४०.२ टनांवरून ४५.५ टनांवर गेली, आणि तीन धुऱ्यांच्या हॉर्सची जोडी ४९ वरून ५५ टनांवर. मालकांच्या हिशेबात ही वाढ लगेच उतरली. हॉर्स खरेदी करताना मात्र जुन्या ४० टनी गाडीचा अनुभवच प्रमाण मानला गेला.

गाडीच्या मॉडेल क्रमांकातच बरीचशी माहिती असते. आपल्याकडील बहुतेक अवजड गाड्यांत पहिले दोन अंक एकूण वजन टनांत सांगतात आणि शेवटचे दोन अंक दहाने गुणले की अश्वशक्ती मिळते. म्हणजे ४०१८ ही ४० टनांची १८० अश्वशक्तीची गाडी आणि ५५३० ही ५५ टनांची ३०० अश्वशक्तीची. आता ही अश्वशक्ती घाटाला पुरते का, हे पाहण्यासाठी मी एक ढोबळ सूत्र वापरतो : एकूण वजन टनांत, गुणिले (चढाची टक्केवारी अधिक एक), गुणिले ताशी किलोमीटरमधील वेग, भागिले पंचवीस. उत्तर इंजिनकडून लागणारी अश्वशक्ती देते. सूत्रातील अधिक एक हा टायरांच्या घर्षणाचा वाटा आहे आणि गिअरबॉक्स व डिफरन्शियलमध्ये (मागच्या धुऱ्यातील दातेरी चाकांच्या संचात) जाणारी सुमारे दहा टक्के शक्ती भाजकात धरलेली आहे. घाटातल्या वेगाला हवेचा विरोध नगण्य असतो, म्हणून तो सोडून दिला आहे.

हेच सूत्र उलटे फिरवले की गाडी कोणत्या वेगाने चढेल ते कळते. एक किलोमीटरला ५० मीटर, म्हणजे ५ टक्के चढ धरला, तर ४५.५ टनांची २५० अश्वशक्तीची गाडी ताशी सुमारे २३ किलोमीटरने चढेल. ५५ टनांची ३०० अश्वशक्तीची गाडीही जवळजवळ त्याच वेगाने चढेल. ५५ टन वजन २५० अश्वशक्तीला जोडले तर वेग १९ वर येतो, आणि १८० अश्वशक्तीच्या जुन्या हॉर्समागे ४५.५ टन लावले तर साडेसोळावर. रेल्वेलाही हा हिशेब चुकलेला नाही. बोरघाटात लोहमार्गाचा चढ ३७ मीटरला १ मीटर, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आतबाहेर, एवढाच आहे, तरीही कर्जतला गाडीमागे ढकलणारी बँकर इंजिने लावावी लागतात.

या आकड्यांवरून एक गोष्ट लक्षात घ्यावी. ताशी २० ते २३ किलोमीटरने घाट चढणे हा बिघाड नाही. शेजारून मोकळा ट्रेलर चाळीसच्या वेगाने निघून गेला की चालकाला आपली गाडी आजारी वाटू लागते आणि तो मालकाला पिकअप गेल्याचे सांगतो. वजनकाट्याची पावती समोर ठेवून आधी हा हिशेब करावा, आणि प्रत्यक्ष वेग त्या आकड्याच्या आसपास असेल तर पिकअपची तक्रार तिथेच संपवावी.

तापण्याचे मूळ

वेग हिशेबाप्रमाणे आहे आणि तरीही काटा चढतो, अशी गाडी असेल तर चालकाला एकच प्रश्न विचारावा : काटा चढू लागला तेव्हा गाडी कोणत्या गिअरमध्ये होती आणि इंजिनच्या मिनिटाला फेऱ्या किती होत्या? बहुतेकांना याचे उत्तर देता येत नाही, म्हणून पुढच्या फेरीत क्लीनरला ते वहीत लिहायला सांगावे. मी पाहिलेल्या वह्यांत हजार-अकराशे फेऱ्यांचे आकडेच जास्त असतात. वरच्या गिअरमध्ये इंजिन कमी आवाजात चालते, डिझेल वाचते असा समज असतो, आणि सपाटीवर तो खराही आहे. घाटात मात्र नेमके उलटे होते.

कारण असे की २५० अश्वशक्ती हा आकडा इंजिनच्या कमाल फेऱ्यांजवळचा आहे. ९५० न्यूटन-मीटर टॉर्कचे इंजिन १,२०० फेऱ्यांवर जेमतेम १६० अश्वशक्ती देते, हे कोणालाही कागदावर काढून पाहता येईल. टॉर्क कमाल असल्यामुळे प्रत्येक स्फोटातील इंधन आणि उष्णता पूर्ण असते, पण पंखा व वॉटर पंप इंजिनच्याच फेऱ्यांवर फिरत असल्याने थंड करण्याची क्षमता निम्म्यावर आलेली असते. ताशी वीस किलोमीटरच्या वेगाला समोरून येणारी हवा रेडिएटरला फारशी मदत करीत नाही, आणि वारा मागून असेल तर तीही नाही. चढावर एक गिअर खाली घेऊन इंजिन १,७०० ते २,००० फेऱ्यांत ठेवले की वेग तेवढाच राहतो किंवा किंचित वाढतो, आणि काटा खाली येतो. चालकाला हे पटत नाही, कारण इंजिन ओरडत असताना ते थंड कसे राहील, असे त्याला वाटते. म्हणून एक फेरी शेजारी बसून करून दाखवावी लागते. माझ्याकडे आलेल्या तापण्याच्या तक्रारींपैकी काही एवढ्यावरच मिटल्या आणि पाना हातात धरावा लागला नाही.

योग्य फेऱ्या ठेवूनही गाडी तापत असेल तर मात्र यंत्रणेकडे वळावे, आणि तेही बाहेरून आत. रेडिएटर बाहेरून स्वच्छ दिसतो, कारण त्याच्यापुढे इंटरकूलर (टर्बोतून येणारी हवा थंड करणारी जाळी) असतो आणि कचरा त्या दोघांच्या मधल्या फटीत साठतो. तुर्भे, महापे आणि शिळफाट्याच्या बाजूची खडीची धूळ आणि उरणकडची खारी ओलसर हवा यांचा तिथे अक्षरशः लेप बसतो. नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने तो निघत नाही. इंटरकूलर सैल करून, इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेने कमी दाबाने धुवावा लागतो, कारण जास्त दाबाच्या फवाऱ्याने पत्ऱ्या आडव्या होतात आणि रेडिएटर कायमचा बाद होतो. नव्या गाड्यांत एसीचा कंडेन्सरही त्याच रांगेत पुढे उभा असतो, त्यालाही सोडू नये. त्यानंतर व्हिस्कस पंखा, म्हणजे तापल्यावर आतल्या तेलामुळे इंजिनशी घट्ट जोडला जाणारा पंखा. गाडी तापलेली असताना इंजिन बंद करून, किल्ली काढून पंखा हाताने फिरवून पाहावा. गरम अवस्थेत तो जड लागला पाहिजे. एका हाताच्या झटक्याने तो दोन-तीन फेरे मारत असेल तर त्यातील तेल गेलेले आहे, आणि असा पंखा सपाटीवर चालून जातो पण घाटात उघडा पडतो. पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे कडे तुटलेले असणे ही क्षुल्लक वाटणारी बाबही हवा परत फिरवते. थर्मोस्टॅट व वॉटर पंप यांची पाळी यानंतर येते.

शक्ती कमी पडते पण तापमान सामान्य राहते, ही तक्रार वेगळी आहे आणि तिचे कारणही वेगळे असते. टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी नळीला चीर गेलेली असते, डिझेल फिल्टर गच्च झालेला असतो, किंवा एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत धुराड्यातील काजळीचा फिल्टर भरलेला असतो. बंदर ते कंटेनर यार्ड अशा छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचे धुराडे कधीच पुरेसे तापत नाही, त्यामुळे काजळी आपोआप जळत नाही, आणि हीच गाडी एके दिवशी घाटात पाठवली की संगणक इंजिनची ताकद कमी करतो. ३२.५ टक्के युरियाचे प्रमाणित द्रावण सोडून कुठलेही स्वस्त पाणी धूर स्वच्छ करणाऱ्या द्रावणाच्या टाकीत ओतले तरी परिणाम तोच. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा झाकायला चिकटपट्टी लावलेली गाडी मी पाहिली आहे, म्हणून हे लिहावे लागते.

आणखी एक चोर म्हणजे घासत राहणारे ब्रेक. कळंबोली ते खोपोली अंतर कापल्यावर ब्रेक फारसा न लावता गाडी थांबवावी आणि प्रत्येक चाकाच्या ड्रमची उष्णता तापमापक बंदुकीने मोजावी. एखादा ड्रम बाकीच्यांपेक्षा ४०-५० अंशांनी गरम निघाला तर त्याचा स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकमधील अंतर राखणारा भाग) अडकलेला आहे. ट्रेलरच्या सहापैकी दोन चाके अशी घासत असतील, तर इंजिन घाटाबरोबर त्यांनाही ओढत असते.

क्लचप्लेट आणि डिफरन्शियलचा रेशो

क्लचप्लेट घाटात जळते असे सगळे म्हणतात, कारण तिचा वास घाटात येतो. प्रत्यक्षात तिचे आयुष्य न्हावाशेवाच्या रांगेत, मुंब्रा बायपासच्या चढावर आणि घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या कोंडीत संपलेले असते. वजन भरलेली गाडी दर दोन मिनिटांनी दहा मीटर पुढे सरकवायची, आणि तीही दुसऱ्या गिअरमध्ये, ही सवय सर्वात महाग पडते. सपाट रस्त्यावर गाडी उचलताना क्लचमध्ये निर्माण होणारी उष्णता, क्लच पूर्ण बसतो त्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. पहिल्या गिअरची घट ९ आणि दुसऱ्याची ६ असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये उचललेली गाडी प्रत्येक वेळी सव्वादोन पट उष्णता प्लेटमध्ये ओतते. चढावर हे गुणोत्तर आणखी वाईट होते. त्यामुळे प्लेट बदलल्यावर चालकाला पहिला किंवा क्रॉलर गिअर (पहिल्याहूनही सावकाश चालणारा) वापरायला लावणे, हा दुरुस्तीचाच भाग मानावा.

हे सर्व करूनही प्लेट टिकत नसेल तर गाडीखाली जाऊन डिफरन्शियलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या धुऱ्यापर्यंतच्या दांड्याचे) किती फेरे होतात ते, पाहावा. या लेखाचे निमित्तच असा एक हॉर्स होता. मालकाने तो परराज्यातून वापरलेला घेतला होता, इंजिन २५० अश्वशक्तीचे, कागदपत्रे स्वच्छ, सपाटीवर डिझेलचा हिशेब इतर गाड्यांपेक्षा चांगला. घाटात मात्र दोन हंगामांत त्याने चार क्लचप्लेटा खाल्ल्या, एका गॅरेजने हेड उतरवले, दुसऱ्याने टर्बो बदलला. त्याच्या शेजारी उभा असलेला त्याच इंजिनाचा दुसरा हॉर्स तोच माल विनातक्रार नेत होता, आणि हीच गोष्ट कोणी ध्यानात घेतली नाही.

रेशो मोजायला हौजिंगवरची (डिफरन्शियलच्या कवचावरची) पट्टी वाचता आली तर उत्तम, पण जुन्या गाडीवर ती गंजलेली किंवा गायब असते. तेव्हा ट्रेलर सोडवून, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उट्या लावून, मागच्या धुऱ्याची एकच बाजू जॅकवर आणि खाली भक्कम घोडीवर घ्यावी, गिअर न्यूट्रल करावा, मागचा ब्रेक मोकळा करावा, आणि उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवून प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजावेत. एक चाक जमिनीवर स्थिर असताना दुसऱ्याचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा (डिफरन्शियलमधील मोठ्या दातेरी चाकाचा) एक फेरा, म्हणून शाफ्टचे जितके फेरे तितका रेशो. दोन माणसांचे वीस मिनिटांचे काम आहे. त्या हॉर्सचा रेशो ४.३ च्या जवळ निघाला आणि शेजारच्याचा ५.८६.

या दोन आकड्यांत सगळी कथा होती. इंजिन, गिअरबॉक्स आणि टायर तेच ठेवून ५.८६ च्या जागी ४.३ आले की प्रत्येक गिअरमध्ये चाकावरची ओढ चौथ्या हिश्श्याहून अधिक कमी होते. ताशी ६० किलोमीटरला थेट टॉप गिअरमध्ये ५.८६ च्या गाडीचे इंजिन सुमारे १,८३० फेऱ्यांवर असते आणि ४.३ च्या गाडीचे १,३४० वर, म्हणून सपाटीवर तिचे डिझेल वाचत होते. ती बचत खरी होती. पण ४५ टनांसह चढावर गाडी उचलायला तिचा पहिला गिअर अपुरा पडत होता, चालक क्लच अर्धा दाबून ती कमतरता भरून काढत होता, आणि घाटात योग्य फेऱ्यांना जुळणारा गिअरच सापडत नव्हता : खालच्या गिअरमध्ये इंजिन कमाल फेऱ्यांना भिडायचे, वरच्यात गुदमरायचे. अशा गाडीत ३०० अश्वशक्तीचे इंजिन बसवले असते तरी क्लच तसाच जळत राहिला असता.

मग मोठे इंजिन केव्हा घ्यावे

मोठ्या इंजिनाची गरज नसते असे नव्हे. जी गाडी आठवड्यातून चार-पाच वेळा बोरघाट किंवा कसारा घाट पूर्ण वजनाने चढणार आहे, तिच्यासाठी टनामागे साडेपाच अश्वशक्ती हा माझ्या मते किमान आकडा आहे आणि सहा असल्यास उत्तम. फक्त न्हावाशेवा, द्रोणागिरी, पनवेल आणि तळोजा यांच्यात कंटेनर फिरवणाऱ्या गाडीला साडेचारही पुरते, आणि तिथे जास्त अश्वशक्तीवर पैसे घालण्यापेक्षा मोठ्या व्यासाचा क्लच आणि क्रॉलर गिअर घेणे शहाणपणाचे. डिझेलच्या दृष्टीने मोठ्या इंजिनाची भीती बाळगण्याचे कारण नाही. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंतची सुमारे साडेपाचशे मीटर उंची ४५.५ टन चढवायला, नुसत्या उंचीसाठीच, १८ ते २० लिटर डिझेल लागते, इंजिन कोणतेही असो.

पावसाळ्यात चाक जागीच फिरते, ही तक्रार घेऊन जे अश्वशक्ती वाढवायला निघतात त्यांनी थांबावे. दोन धुऱ्यांच्या हॉर्सच्या चालक धुऱ्यावर कायद्याने ११.५ टन येतात. ओल्या, तेलकट रस्त्यावर टायरची पकड वजनाच्या ०.४ पट धरली तर ओढ ४.६ टनांच्या वर जाऊच शकत नाही, मग इंजिन केवढेही असो. दोन चालक धुऱ्यांच्या हॉर्सला हीच मर्यादा ८.४ टन मिळते. पावसाळाभर घाट करणाऱ्याने ५५ टनी जोडी घेण्याचे माझ्या लेखी सर्वात सबळ कारण हे आहे. अर्थात जादा धुऱ्याचे स्वतःचे वजन, दोन डिफरन्शियलांची देखभाल आणि वाढीव टायर हा खर्चही त्यासोबत येतो.

कॉइल कुठे ठेवली यानेही हीच पकड बदलते. वीस-बावीस टनांची कॉइल मीटरभर मागे सरकली तर एकूण वजन तेच राहते, पण हॉर्सवरचा भार उतरतो आणि चाक फिरू लागते. पुढे सरकली तर चालक धुरा मर्यादा ओलांडतो आणि पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) तुटतात. म्हणून वजनकाट्यावर आधी पूर्ण गाडी आणि मग फक्त हॉर्सची चाके फलाटावर घेऊन दुसरी नोंद करून घ्यावी. कळंबोलीतील काटेवाले त्यासाठी कुरकुर करतात, पण करतात.

खरेदी करताना लोक चढाचा विचार करतात आणि उताराचा विसरतात. ४ टक्के उतारावर ४५.५ टन ताशी ३० किलोमीटरला रोखून धरायचे तर टायरांचे घर्षण वजा जाता सुमारे ११० ते १२० किलोवॅट उष्णता कुठेतरी जिरवावी लागते. ती एक्झॉस्ट ब्रेकने आणि खालच्या गिअरने इंजिनात जिरली नाही, तर ड्रममध्ये जाते, आणि घाट संपण्याआधी ब्रेक हातातून जातात. इथे ५.८६ च्या रेशोचा दुसरा फायदा होतो, कारण त्याच वेगाला इंजिनच्या फेऱ्या जास्त राहतात आणि इंजिनाचा रोध वाढतो. रिटार्डर (ब्रेक न घासता वेग रोखणारी यंत्रणा) असलेली गाडी परवडत असेल तर ३०० च्या ऐवजी २८० अश्वशक्ती घेऊन तो घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. न्यूट्रलमध्ये घाट उतरून डिझेल वाचवणाऱ्या चालकाच्या हाती मात्र यांपैकी काहीच उपयोगाचे नाही.

त्या ४.३ रेशोच्या हॉर्सचे आम्ही इंजिन उघडले नाही. क्राउन-पिनियन बदलण्याचा खर्च मालकाला काढून दाखवला, तेव्हा त्याने गाडीचा मार्गच बदलला : ती आता रात्रीच्या वेळी न्हावाशेवा ते वापी हलके कंटेनर नेते, आणि चाकणच्या कॉइल शेजारच्या हॉर्सवर जातात. गायमुखची कोंडी लागली की जुना वास अजूनही येतो, म्हणून तिथे फक्त पहिला गिअर वापरण्याची सूचना केबिनमध्ये रंगवून ठेवली आहे. गेल्या अकरा महिन्यांत प्लेट बदललेली नाही.